पडद्यावरचा धूर आणि भट्टीपुढचा घाम

तेर (जि. धाराशिव) : वाफेचे इंजिन नियमित सेवेतून निवृत्त होऊन एक पिढी उलटली, तरी चित्रपटसृष्टी त्याला निवृत्त होऊ द्यायला तयार नाही. कथा फाळणीची असो, स्वातंत्र्यलढ्याची असो वा जुन्या खेड्यातील प्रेमाची. काळा धूर सोडत फलाटाला लागणारी गाडी दिग्दर्शकाला हवीच असते. पडद्यावर हे दृश्य दीड-दोन मिनिटांत संपते. ते उभे करण्यासाठी मात्र आदल्या रात्रीपासून कोणीतरी भट्टीपुढे बसलेले असते, कोणी बॉयलरमधील पाण्याच्या पातळीवर डोळा ठेवून असते, तर कोणी हिरवे-लाल निशाण घेऊन रुळांशेजारी ताटकळत असते. रेल्वेच्या वारशाची चर्चा आपल्याकडे बहुधा इंजिनाला रंग देऊन ते चौथऱ्यावर चढवण्यापाशी थांबते. ते इंजिन चालवणाऱ्या हातांचे काय, हा प्रश्न मागेच राहतो. 'बार्शी लाइट'ची छोटी गाडी ज्या भागाने जवळपास शंभर वर्षे पाहिली, त्या तेर-ढोकी परिसरातून हा प्रश्न विचारला, तर त्याला अधिकच धार येते.

तगर ते बार्शी लाइट

तेरणेच्या काठावरील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या बाजारपेठेचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात नेले जाई. त्या व्यापाराच्या खुणा गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आणि संत गोरोबाकाकांचे स्थान यांमुळे तेरचे नाव अभ्यासक आणि वारकरी या दोघांच्याही ओठी आहे. मालवाहतुकीची सोय हा या भूभागाचा दोन हजार वर्षांचा प्रश्न होता, एवढे यावरून ध्यानात यावे.

आधुनिक काळात या प्रश्नाला पहिले उत्तर दिले ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी हा अडीच फूट मापाचा लोहमार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही आणि तो भार इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वत्र सारखा विभागायचा, हे कॅल्थ्रॉपचे सूत्र होते. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येऊ लागला. १९०६ मध्ये हा मार्ग एकीकडे पंढरपूर आणि दुसरीकडे तडवळ्यापर्यंत पोहोचला. १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा १ जानेवारी १९५४ रोजी सरकारच्या ताब्यात आला. लातूर-बार्शीची व्यापारपेठ आणि पंढरीची वारी या दोहोंना या छोट्या गाडीने आधार दिला.

योगायोग असा की, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे बार्शी लाइट सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी. त्या खेळातील एक चित्रफीत स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीची होती. सिनेमा आणि वाफेची गाडी यांचे नाते आपल्याकडे असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

'टेक'पूर्वीची रात्र

या नात्यातील कष्टाची बाजू क्वचितच सांगितली जाते. डिझेल इंजिन कळ दाबून सुरू करता येते. वाफेचे इंजिन जागे करावे लागते. थंड बॉयलरखाली एकदम मोठा जाळ घातला, तर त्याचे भाग कमी-अधिक प्रसरण पावतात आणि सांधे खिळखिळे होतात. म्हणून सुरुवातीला बारीक आच ठेवून हळूहळू वाफ धरावी लागते. इंजिनाच्या आकारानुसार या कामाला सहा-आठ तास, कित्येकदा त्याहूनही अधिक वेळ लागतो. सकाळी सहाला कॅमेरा सुरू व्हायचा असेल, तर फायरमनची पाळी आदल्या संध्याकाळीच सुरू झालेली असते. आणि कॅमेऱ्याला सकाळच हवी असते. हवा थंड असली की बाहेर पडणाऱ्या वाफेचे पांढरे लोट ठसठशीत दिसतात. मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या दुपारी तीच वाफ क्षणात विरून जाते.

त्यानंतर सुरू होतो तो दोन व्यवसायांच्या शिस्तींमधला संघर्ष. चांगला फायरमन काळा धूर होऊ देत नाही. काळा धूर म्हणजे अपुरे ज्वलन, वाया गेलेला कोळसा आणि ओढगस्तीला आलेली भट्टी. दिग्दर्शकाला मात्र नेमका तोच धूर हवा असतो. 'पथेर पांचाली'तील (१९५५) काशाच्या फुलांच्या शेतापलीकडून जाणारी गाडी चित्रपटरसिकांच्या स्मरणात आहे. त्या दृश्यासाठी दिवसभरात येणाऱ्या पाच गाड्यांचा उपयोग केल्याचे आणि योग्य क्षणी काळा धूर निघावा म्हणून भट्टीत कोळसा टाकायला सांगण्यासाठी आपला माणूस इंजिनावर बसवल्याचे सत्यजित राय यांनी नोंदवून ठेवले आहे. भारतीय सिनेमातील त्या अजरामर धुरामागे श्रेयनामावलीत नसलेल्या फायरमनचे फावडे होते.

धुराहून अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. संवाद चालू असताना इंजिन नुसते उभे असले, तरी भट्टी पेटलेलीच असते. वाफेचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि कर्कश आवाजाने ध्वनिमुद्रण वाया जाते. ते टाळण्यासाठी फायरमन बॉयलरमध्ये थंड पाणी सोडून दाब खाली आणतो. पण पुढच्या 'टेक'ला गाडी सुटताना तोच दाब पुन्हा हाताशी असावा लागतो. पाण्याची पातळी घसरून भट्टीचे छत उघडे पडले, तर बॉयलर फुटण्याचा धोका असतो. त्या छतात बसवलेली शिशाची गुडदी अशा वेळी वितळते आणि धोक्याची सूचना देते. ती वितळू न देणे हाच या कामातला खरा कस. दहा वेळा पुढे, दहा वेळा मागे. प्रत्येक वेळी तीच गती, तोच धूर, थांबण्याची तीच खूण. 'शोले'तील (१९७५) गाडीवरील चकमक पनवेल परिसरात चित्रित होण्यास सुमारे सात आठवडे लागले होते. प्रेक्षकांना त्या प्रसंगातील घोडे आणि बंदुका आठवतात. ते इंजिन मात्र तेवढे सारे दिवस रोज कोणीतरी पेटवत आणि विझवत होते.

अंतिम शब्द कोणाचा?

हे काम नुसते कष्टाचे नाही, जोखमीचेही आहे. चित्रीकरणाच्या धावपळीत रूळ म्हणजे रंगमंच वाटू लागतो. चालती गाडी हुकूम मिळताच थांबत नाही, हे कलाकार आणि तंत्रज्ञ यांच्या ध्यानात राहतेच असे नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाच्या चमूने रेल्वे कंपनीची परवानगी नसताना एका पुलावरील रुळांवर पलंग मांडून चित्रीकरण सुरू केले. भरधाव मालगाडी आली आणि कॅमेरा विभागातील २७ वर्षांची साहाय्यक जागीच ठार झाली. इतर अनेक जण जखमी झाले. पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. तो मार्ग चालू मालवाहतुकीचा होता, वाफेच्या वारसा गाड्यांचा नव्हता. घेण्याचा धडा मात्र एकच आहे. रुळांवर अंतिम शब्द रेल्वेच्या माणसाचा असला पाहिजे आणि तो उच्चारण्याइतका अनुभव त्या माणसाजवळ असला पाहिजे.

आपल्याकडे रेल्वे हद्दीतील चित्रीकरणासाठी क्षेत्रीय रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. शुल्क, अनामत रक्कम, विमा आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची उपस्थिती या अटी असतात. पनवेलजवळचे आपटा स्थानक 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'पासून (१९९५) निर्मात्यांचे आवडते झाले, तर मुंबईच्या मुख्य टर्मिनसवर 'स्लमडॉग मिलिऑनेर'चे (२००८) गाजलेले गीत चित्रित झाले. वाफेचे इंजिनच हवे असेल, तर पर्याय मोजके उरतात. हरियाणातील रेवाडीची १८९३ ची शेड २०१० मध्ये वारसा केंद्र म्हणून पुन्हा सुरू झाली. तेथील 'अकबर' हे चित्तरंजनला १९६५ मध्ये तयार झालेले इंजिन 'गदर' आणि 'भाग मिल्खा भाग'सारख्या चित्रपटांत झळकले. निलगिरीचा डोंगरी मार्ग आणि दार्जिलिंग हे आणखी दोन पर्याय. यांपैकी निलगिरीचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या मार्गासाठी एकविसाव्या शतकात नवी वाफेची इंजिने बांधली. मार्ग चालू राहिला म्हणून कारागीर राहिले आणि कारागीर राहिले म्हणून नवे इंजिन घडू शकले.

याउलट चित्र महाराष्ट्राचे. विदर्भातील 'शकुंतला' ओढणारे, १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले इंजिन सत्तर वर्षे राबले आणि १९९४ मध्ये सेवेतून काढले गेले. त्या वर्षी तिशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेला आहे. खलाशी, फायरमन, शंटर आणि मग ड्रायव्हर अशा पायऱ्या चढत, वडीलधाऱ्या सहकाऱ्याच्या हाताखाली ही विद्या शिकली जात असे. पाना कुठे लावायचा हे पुस्तकात सापडेल. भट्टीच्या रंगावरून वाफेचा अंदाज बांधायला मात्र गुरूच लागतो.

देखावा आणि वारसा

रेल्वेला या आकर्षणाची कल्पना नाही असे नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद अशी वारसा गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. पर्यटकांना छायाचित्र काढायला आणि रेल्वेला सोयीने चालवायला अशी गाडी उत्तम, यात शंका नाही. मात्र तिला वाफेचा वारसा म्हणणे म्हणजे मुखवट्याला चेहरा म्हणण्यासारखे आहे. तिच्यावर एकही फायरमन तयार होणार नाही.

मोठे चित्रपटही आता या वाटेने जाऊ लागले आहेत. 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेतील २०२३ च्या चित्रपटासाठी निर्मात्यांनी स्वतःचे इंजिन आणि डबे बांधून घेतले आणि इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातल्या एका खाणीत ते कड्यावरून खाली लोटले. संगणकावर धूर निर्माण करणे तर आता किरकोळ काम झाले आहे. त्यामुळे 'चित्रीकरणाच्या उत्पन्नावर वारसा रेल्वे चालेल' असा हिशेब कोणी मांडत असेल, तर तो भाबडा ठरेल. वर्षातील चित्रीकरणाचे दिवस मोजके असतात. बॉयलरची तपासणी, रुळांची देखभाल आणि पगार यांना मात्र बारा महिने असतात.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत उपयोगी आहे. यॉर्कशरमधील कीथली-वर्थ व्हॅली हा जेमतेम आठ किलोमीटरचा फाटा १९६२ मध्ये बंद झाला आणि स्थानिक नागरिकांच्या संस्थेने १९६८ मध्ये तो पुन्हा सुरू केला. दोनच वर्षांनी तेथे चित्रित झालेला 'द रेल्वे चिल्ड्रन' प्रदर्शित झाला आणि प्रवाशांची रीघ लागली. चित्रीकरणाच्या काळात इंजिने चालवणारी आणि सिग्नल सांभाळणारी माणसे याच मार्गाची होती. संस्थेचे एक धुरीण, पुढे खासदार झालेले बॉब क्रायर, यांनी तर पडद्यावर गार्डची छोटी भूमिकाही केली. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला त्या चित्रपटाचा पुढचा भागही तेथेच चित्रित झाला. मधल्या पन्नास वर्षांत हा मार्ग टिकला तो चित्रपटामुळे नव्हे. नित्य धावणारी गाडी, शिकाऊ स्वयंसेवक आणि तिकीट काढून येणारे प्रवासी यांनी तो टिकवला. चित्रपटाने त्याला नाव दिले, जगवले ते रोजच्या कामाने.

बार्शी लाइटशी जवळचे नाते सांगणारी दोन उदाहरणेही तेथे आहेत. कॅल्थ्रॉपनेच बांधलेला स्टॅफर्डशरमधील लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटी मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला आणि अवघ्या तीस वर्षांत बंद पडला. आज तेथे पायवाट आहे. त्याच मापाचा वेल्समधील वेल्शपूल-लानव्हेअर मार्ग १९५६ मध्ये बंद झाला. पण हौशी मंडळींनी १९६३ पासून तो टप्प्याटप्प्याने जिवंत केला आणि तेथे आजही वाफेचे इंजिन धावते. माप एक, काळ एक. एकाची वाट झाली, दुसऱ्याची गाडी राहिली.

ब्रॉडगेज हवेच होते

आपल्या छोट्या गाडीचा निरोप चुकीचा होता काय? मराठवाड्यातील कोणीही या प्रश्नाला 'होय' असे उत्तर देणार नाही. २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग सलग ब्रॉडगेज झाला. पंढरपूर-मिरज टप्पा त्यानंतर पूर्ण झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ असताना मिरजेहून निघालेली 'जलदूत' पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, ढोकी अशी याच मार्गाने आली. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. पाच टनी भाराच्या हलक्या रुळांवरून हे शक्यच नव्हते. ज्या प्रदेशाने रेल्वेअभावी पिढ्यान्‌पिढ्या मागासलेपण सोसले, त्याला छोट्या गाडीच्या आठवणींत रमण्याचा उपदेश बाहेरच्या हौशी मंडळींनी करू नये.

तथापि, येथे एक मुद्दा निसटला. छोटी गाडी धाराशिव शहराला न शिवता येडशीवरून परस्पर निघून जात असे. नवा मार्ग आखताना जिल्ह्याचे ठिकाण जोडण्यासाठी तो वळवला गेला आणि त्यामुळे जुन्या आखणीचा काही भाग ब्रॉडगेजच्या कामाचा राहिला नाही. विकास आणि वारसा यांत एकाचीच निवड करण्याची सक्ती निदान तेवढ्या भागावर नव्हती. दहा-बारा किलोमीटरचा तुकडा, एक इंजिन आणि चार डबे राखून ठेवले असते, तर आज चित्रपट निर्मात्यांना मुंबई-पुण्यापासून एका रात्रीच्या अंतरावर अस्सल वाफेची गाडी, मोकळे माळरान आणि अनुभवी कर्मचारी मिळाले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिकाऊ फायरमनला शिकायला जागा मिळाली असती. त्या वेळी रुळांची किंमत भंगाराच्या भावाने केली गेली. कौशल्याची किंमत कोणत्याच निविदेत नव्हती.

आता काय शक्य आहे?

उखडलेला मार्ग पुन्हा अंथरण्याची मागणी आज व्यवहार्य नाही. त्यापेक्षा लहान आणि तातडीच्या गोष्टी हाती घेता येतील. बार्शी लाइटवर काम केलेले निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, गँगमन आणि कारखान्यातील कारागीर कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, मिरज या पट्ट्यात विखुरलेले आहेत. त्यांच्या कामाच्या पद्धतींचे चित्रमुद्रण विद्यापीठाने वा रेल्वेने हाती घ्यावे. कुर्डुवाडीचा कारखाना आजही मध्य रेल्वेकडे आहे. तेथे नॅरोगेजचे एखादे इंजिन वाफेवर आणून किलोमीटरभर रुळांवर चालवता आले, तर चित्रीकरणासाठी, पर्यटकांसाठी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी ते एकाच वेळी उपयोगी पडेल. जुन्या आखणीची जी जमीन अद्याप मोकळी आहे, तिची नोंद होऊन ती अतिक्रमणापासून राखली जावी. तेरच्या संग्रहालयात तगरच्या व्यापाराशेजारी बार्शी लाइटचे एक दालन झाले, तर बैलगाडीपासून जलदूतपर्यंतची वाहतुकीची कथा एका छताखाली सांगता येईल. चित्रीकरणाच्या करारांत श्रेयनामावलीत इंजिनावरील कर्मचाऱ्यांची नावे देण्याची अट घालण्यास तर एक रुपयाही लागणार नाही.

तगरच्या मालाची नोंद एका परक्या प्रवासवृत्ताने ठेवली म्हणून ते वैभव आज आपल्याला ठाऊक आहे. गाड्या हाकणाऱ्यांची नावे मात्र त्यात नाहीत. बार्शी लाइटच्या बाबतीत नोंद ठेवणे अजून आपल्या हाती आहे. मात्र ही विद्या ज्यांच्याकडे आहे, ते सारे आता वृद्धापकाळात आहेत आणि त्यांच्यासाठी दुसरा 'टेक' नाही.